भुताचा केसपेपर

स्कॉटलंडची राजधानी असलेल्या एडिंबरा शहरात 'साउथ ब्रिज' नावाचा एक पूल आहे. त्यावरून चालताना आपण पुलावर आहोत हे लक्षातही येत नाही, कारण दोन्ही बाजूंना दुकाने आणि उंच इमारती खेटून उभ्या आहेत. १७८८ मध्ये वाहतुकीला खुल्या झालेल्या या पुलाला १९ कमानी आहेत, पण रस्त्यावरून आज त्यांतली एकच नीट दिसते. बाकीच्या कमानी इमारतींच्या आड गेल्या. त्यांच्या पोकळीत मजले घालून, भिंती बांधून दगडी खोल्या काढल्या गेल्या. सुरुवातीला तिथे वरच्या दुकानदारांची कोठारे आणि कारागिरांच्या कामाच्या जागा होत्या. पण पुलाचा वरचा भाग पाणी अडवेल असा बांधलाच नव्हता. पाणी झिरपू लागले, माल कुजू लागला, धंदे उठले. मग ज्यांना शहरात दुसरीकडे कुठेच थारा नव्हता अशी माणसे तिथे राहायला आली. पुढे या खोल्या राडारोडा टाकून बुजवण्यात आल्या आणि शहर त्यांना विसरून गेले.

१९८० च्या दशकात त्या पुन्हा सापडल्या. मलबा काढला, दिवे आले. आज त्यांतल्या काही खोल्यांत कार्यक्रम होतात, आणि बऱ्याच खोल्यांतून रात्री पर्यटकांना फिरवले जाते ते भुतांसाठी. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून फिरणारा एक पुरुष, पर्यटकांचा हात धरणारा एक लहान मुलगा, मानेवर येणारा थंड श्वास... अशा कहाण्यांनी या तळघरांची कीर्ती जगभर पोहोचली आहे.

या कहाण्यांकडे एक डॉक्टर म्हणून मी वेगळ्या कारणाने पाहतो. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी नातेवाईक खुर्ची जवळ ओढून हळूच सांगतो, ''डॉक्टर, तपासण्या करा तुम्ही, पण घरातच काहीतरी आहे.'' अशा वेळी हसायचे, रागवायचे, की मान डोलावून सोडून द्यायचे? एडिंबरात आणि आणखी काही ठिकाणी संशोधकांनी याहून बरा मार्ग दाखवला आहे. त्यांनी भुताचा केसपेपर काढला.

दहा खोल्या, दोनशेहून अधिक माणसे

२००१ च्या एप्रिल महिन्यात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तळघरांत एक प्रयोग केला. आधी त्यांनी दहा खोल्या निवडल्या आणि पर्यटकांना पूर्वी आलेल्या अनुभवांच्या नोंदींवरून 'सर्वांत झपाटलेली' ते 'अजिबात तक्रार नसलेली' असा त्यांचा क्रम लावला. दोनशेहून अधिक स्वयंसेवकांना हा क्रम सांगितला नव्हता. प्रत्येकाने एका खोलीत काही मिनिटे एकट्याने बसायचे आणि जे जाणवेल ते लिहून काढायचे, एवढेच काम होते. शिवाय या जागेबद्दल आधी काय ऐकले आहे, हेही प्रत्येकाला विचारले गेले.

आता पैज लावायची तर तुम्ही कशावर लावाल? माझ्यासारखा माणूस म्हणाला असता, की ज्यांनी आधी गोष्टी ऐकल्या आहेत त्यांनाच काहीतरी जाणवेल आणि बाकीचे कोरडे बाहेर येतील. निकाल तसा आला नाही. बदनाम खोल्यांत खरोखरच जास्त लोकांना विचित्र अनुभव आले. अचानक गारवा, कुणीतरी पाहते आहे अशी भावना, कपड्याला कुणी ओढल्यासारखे वाटणे. आणि खोलीची कीर्ती ठाऊक असण्या-नसण्याशी त्याचा संबंध दिसला नाही.

इथे भुतांवर विश्वास ठेवणारा टाळी मागेल. पण संशोधकांनी खोल्यांचीही तपासणी केली होती. तापमान, हवेचा झोत, उजेड, खोलीचा आकार, चुंबकीय क्षेत्र असे सगळे मोजले होते. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यातही त्यांनी असाच अभ्यास केला होता. आठव्या हेन्री राजाने १५४२ मध्ये शिरच्छेद करवलेली त्याची पाचवी राणी कॅथरिन हॉवर्ड तिथल्या एका सज्जात फिरते, अशी आख्यायिका आहे. दोन्ही ठिकाणचे निष्कर्ष २००३ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. अनुभव कुठे जास्त येतात याचा संबंध खोलीचा आकार, उजेडाची पातळी, चुंबकीय क्षेत्रातला चढउतार अशा गोष्टींशी जुळत होता.

म्हणजे अनुभव खरे होते. माणसे खोटे बोलत नव्हती. काही खोल्या अशा असतात की त्यांत गेल्यावर आपल्या मेंदूचा पहारेकरी जागा होतो. उजेडातून अंधारात पाऊल टाकले, छत उंच आणि कोपरे न दिसणारे असले, पाठीमागे दार उघडे राहिले, की मेंदू धोका शोधू लागतो. हजारो पिढ्या रानात काढलेल्या आपल्या पूर्वजांना झुडपामागे वाघ नसताना वाघ वाटला तर फार काही बिघडत नव्हते; वाघ असताना न वाटला तर सगळेच संपत होते. त्या सवयीचा वारसा आपण जुन्या इमारतीत शिरतानाही सोबत नेतो. एकदा पहारेकरी जागा झाला की एरवी लक्षातही न येणारी वाऱ्याची झुळूक 'स्पर्श' होते आणि लाकडाची करकर 'पाऊल' होते.

मग त्या अनुभवाला चेहरा आणि नाव कोण देते? ते काम कहाणी करते. याच तळघरांत बर्क आणि हेअर ही कुख्यात जोडी सावज शोधायला येत असे, असे पर्यटकांना सांगितले जाते. या दोघांनी १८२८ मध्ये एडिंबरात १६ जणांचे खून केले आणि मृतदेह विच्छेदनासाठी डॉ. रॉबर्ट नॉक्स यांना विकले. बर्कला १८२९ च्या जानेवारीत फाशी झाली. त्याच्याही देहाचे विच्छेदन झाले आणि त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र संग्रहालयात आहे. या प्रकरणानंतर, १८३२ मध्ये, ब्रिटनमध्ये मृतदेह कायदेशीर मार्गाने मिळवण्याचा कायदा झाला. हा सगळा नोंदलेला इतिहास आहे. पण ते या तळघरांत येत असत, याला पुरावा नाही. त्यांची जागा शहराच्या दुसऱ्या भागात, वेस्ट पोर्टमध्ये होती. अंधाऱ्या खोलीला साजेसा खुनी हवा होता, तो कहाणीने आणून बसवला. आपल्याकडे जुन्या वाड्याला समंध आणि पिंपळाला मुंजा मिळतो तो असाच.

पंख्याने आणलेले भूत

जुन्या इमारतींचा वापर बदलतो तेव्हा आणखी एक गोष्ट होते. वाड्याचे कार्यालय होते, गोदामाचे वसतिगृह होते, बंगल्याचा दवाखाना होतो. खिडक्या बुजतात, धुराडी बंद होतात, पंखे, पंप, जनरेटर येतात. इमारत एका कामासाठी बांधलेली असते आणि आपण तिच्याकडून दुसरेच काम करून घेतो.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातले अभियंता विक टँडी वैद्यकीय उपकरणे तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत. तिथे काहीतरी वावरते अशी कुजबुज होती. एका रात्री एकटे काम करत असताना त्यांना घाम फुटला, उदास वाटू लागले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एक करडी आकृती दिसली. वळून पाहताच ती विरून गेली. टँडी तलवारबाजी खेळत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्तीसाठी तलवारीचे पाते शेगड्यात घट्ट पकडून ठेवले, तर ते कुणीही हात न लावता थरथरू लागले. इथे बहुतेकांनी पळ काढला असता. टँडींनी मोजमाप सुरू केले. नव्याने बसवलेल्या हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लहर उभी राहत होती. माणसाला साधारण २० कंपनांच्या खालचा आवाज ऐकू येत नाही. पंख्याच्या बसवणीत बदल केला आणि लहर थांबली. हा वृत्तांत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी कॉव्हेंट्रीतच पर्यटक माहिती केंद्राखालच्या चौदाव्या शतकातल्या एका तळघरातही अशीच लहर नोंदवली. तिथेही लोकांना कुणीतरी असल्याचा भास होत असे.

ही गोष्ट इतकी नेटकी आहे की ती जगभर सांगितली गेली, आणि अनेकांनी 'भूत म्हणजे न ऐकू येणारा आवाज' असे सूत्रच करून टाकले. विज्ञानात गोष्ट नेटकी असून भागत नाही, ती पुन्हा घडवून दाखवावी लागते. लंडनमध्ये क्रिस्टोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी एक कृत्रिम 'झपाटलेली खोली' उभारली. ७९ स्वयंसेवक त्या मंद उजेडाच्या, गार खोलीत एकेकटे बसले. काहींच्या वेळी न ऐकू येणारा ध्वनी सोडला, काहींच्या वेळी विद्युतचुंबकीय क्षेत्र, काहींच्या वेळी दोन्ही, तर काहींच्या वेळी काहीच नाही. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विचित्र अनुभव अनेकांना आले, पण ध्वनी किंवा चुंबकीय क्षेत्र चालू असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. 'तुम्हाला काहीतरी विचित्र वाटू शकते' ही आधी दिलेली सूचनाच पुरेशी ठरली असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला. टँडींचा पंखा खरा होता. पण प्रत्येक वाड्यात पंखाच शोधत बसणे म्हणजे प्रत्येक तापाला मलेरिया म्हणण्यासारखे आहे.

खोलीत नाही, तर कुठे?

काही वेळा खोली निर्दोष असते आणि अनुभव मेंदूतच तयार होतो. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके यांच्या चमूने २००६ मध्ये एका २२ वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका विशिष्ट भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, की तिला आपल्या मागे कुणीतरी असल्याचे जाणवे. ती आडवी असली तर तोही आडवा. ती बसून गुडघ्यांना मिठी मारी तेव्हा त्याने मागून आपल्याला कवटाळले आहे असे तिला वाटे. प्रवाह देणे थांबले की 'तो' नाहीसा होई. आपले शरीर कुठे आहे याचा हिशेब ठेवणारा हा भाग आहे. त्याचा हिशेब चुकला, तर आपलेच शरीर दुसऱ्या कुणाचे तरी म्हणून जाणवते.

याहून कितीतरी अधिक आढळणारा प्रकार म्हणजे झोपेतला लकवा. आपण स्वप्न पाहतो त्या झोपेत शरीराचे स्नायू मेंदूनेच सैल करून ठेवलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नाबरहुकूम उठून धावू लागलो असतो. कधी मन जागे होते आणि स्नायूंची कुलपे उघडायला काही सेकंद किंवा एक-दोन मिनिटे उशीर होतो. डोळे उघडे, खोली दिसते आहे, हात हलत नाही, ओरडता येत नाही, छातीवर दडपण, आणि दारात कुणीतरी उभे. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार सुमारे ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. विद्यार्थ्यांत हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास आहे. झोप अपुरी झाली, पाळ्या बदलल्या, उताणे झोपले की शक्यता वाढते.

माझ्या नोकरीच्या एका ठिकाणी परिचारिकांचे वसतिगृह जुन्या, एकेकाळी साथीच्या रुग्णांसाठी बांधलेल्या इमारतीत होते. तिथल्या एका खोलीत 'छातीवर येऊन बसते' म्हणून मुली राहायला तयार नसत. एक एक करून विचारले, तेव्हा तिघींनी अगदी सारखे वर्णन केले. तिघीही रात्रपाळी संपवून सकाळी झोपलेल्या असताना हे झाले होते. खोलीत आधी साथीचे रोगी मेले असतील, हे त्यांना दाखल झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगितले गेले होते. पाळ्यांचे वेळापत्रक बदलून मागितले, झोप पुरी होऊ लागली आणि तक्रार जवळजवळ थांबली. त्यातली एक मुलगी मला म्हणाली, ''सर, याला नाव आहे हे कळलं तेव्हाच निम्मी भीती गेली.''

आणि दुःखाचे काय? वेल्समधले डॉ. ड्यूई रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा आणि विधुरांची माहिती प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचे अस्तित्व जाणवले होते, काहींना तो दिसला होता, काहींना ऐकू आला होता. बहुतेकांनी हे कुणालाही सांगितले नव्हते. अनेकांना त्याचा आधारच वाटला होता. आजोबांच्या आरामखुर्चीतून खोकला ऐकू आला असे आजी म्हणाली, तर तिला मांत्रिकाकडेही नेऊ नका आणि लगेच मनोविकाराच्या गोळ्याही मागू नका. शेजारी बसा आणि आजोबांबद्दल विचारा.

जे भूत जीव घेते

एवढ्यावर लेख संपला असता, तर तो कुतूहलाचा विषय राहिला असता. पण एक भूत खरोखर मारते.

१९१२ मध्ये अमेरिकेतले एक कुटुंब एका मोठ्या, जुन्या घरात राहायला गेले. थोड्याच दिवसांत घरातल्यांना डोकेदुखी आणि गळाठा जाणवू लागला. मुले फिकट दिसू लागली, कुंड्यांतली झाडे मरू लागली. रात्री वरच्या मजल्यावर पावले वाजत, मागून कुणी येते आहे असे वाटे, अनोळखी आकृत्या दिसत. शेवटी घर तापवणारी भट्टी तपासली. ती बिघडलेली होती आणि तिचा धूर धुराड्यातून बाहेर जाण्याऐवजी घरात पसरत होता. भट्टी दुरुस्त झाली आणि भुते गेली. वॉशिंग्टनचे नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी १९२१ मध्ये ही हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली.

दोषी होता कार्बन मोनॉक्साइड. अपुऱ्या हवेत काहीही जळले, कोळसा, लाकूड, गॅस, डिझेल, की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. डोके दुखते, मळमळते, गोंधळ उडतो, भास होऊ शकतात, आणि मग माणूस शांतपणे बेशुद्ध होतो. करोनाकाळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, म्हणून गुदमरणाऱ्या माणसाचाही आकडा ९८ दिसू शकतो.

आपल्याकडे भट्ट्या नाहीत, पण खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहेत. थंडीत दार लावून पेटवलेल्या शेगड्या आहेत. दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणारी मुले आहेत आणि खाली जनरेटर आहे. जुन्या वाड्याच्या खोल्या पाडून भाड्याने दिलेल्या आहेत, एकाचे न्हाणीघर म्हणजे दुसऱ्याची भिंत. अशा खोलीत भाडेकरू टिकत नाहीत, एका वर्षी एक गेला, पुढच्या थंडीत दुसरा चक्कर येऊन पडला, की 'ती खोली चांगली नाही' अशी वदंता होते. वदंता होते तेव्हा गिझर कुणीही तपासत नाही. खोलीत लिंबू-मिरची टांगली जाते आणि तिसरा भाडेकरू येतो.

म्हणून घरात किंवा कामाच्या जागी 'काहीतरी आहे' असे वाटले, तर आम्ही डॉक्टर जे प्रश्न विचारतो तेच आधी स्वतःला विचारा. हे कधी होते? झोपेत जाताना किंवा उठताना होत असेल, तर झोपेकडे पाहा. हे कुणाकुणाला होते? घरातल्या अनेकांचे एकाच वेळी डोके दुखत असेल, मळमळत असेल, घराबाहेर पडल्यावर बरे वाटत असेल, तर तो कार्बन मोनॉक्साइड समजून चालायचे. दारे-खिडक्या उघडा, गॅस आणि जळणारे सगळे बंद करा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि रुग्णालय गाठा. तिथे पोहोचल्यावर 'गिझर चालू होता' किंवा 'शेगडी पेटली होती' एवढे वाक्य नक्की सांगा. त्या एका वाक्याने योग्य रक्ततपासणी होते आणि शुद्ध ऑक्सिजन सुरू होतो. एकट्याच माणसाला दिसत असेल, तर त्याचे वय आणि नजर पाहा. मोतीबिंदूने किंवा पडद्याच्या आजाराने दृष्टी गेलेल्या वृद्धांना स्पष्ट माणसे, मुले दिसू शकतात, आणि त्यांची बुद्धी अगदी शाबूत असते. रात्रीच बडबड आणि गोंधळ सुरू झाला असेल, तर जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम, साखर, नवी औषधे, अचानक सोडलेली दारू, ही कारणे आधी शोधावी लागतात. तोच वास, तेच दृश्य, तीच भीती वारंवार काही सेकंद येत असेल आणि माणूस तेवढ्यापुरता हरवत असेल, तर तो अपस्मार असू शकतो आणि त्यावर औषध आहे.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा मांत्रिकाला अडवतो. माणूस मांत्रिकाकडे का गेला, हे त्याच्या आधी पाहायला हवे. बऱ्याचदा तो गेलेला असतो कारण तिथे त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले जाते, आणि आमच्याकडे रांग मोठी असते. ''काही नाही, मनाचे खेळ आहेत,'' असे म्हणून आम्ही कागद पुढे सरकवला, की तो रुग्ण तपासणीविना परत जातो.

एडिंबराच्या तळघरांत त्या संशोधकांनी दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला आणि त्याने दिलेल्या कारणावर ठेवला नाही. आमच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक रुग्णाशी हेच करायचे असते. पोटात गोळा आला म्हणणाऱ्याचे पोट खरेच दुखत असते, गोळा असेलच असे नाही. घरात कुणी दिसले असे तुमच्या घरातले कुणी सांगू लागले, तर त्याचे बोलणे मध्येच तोडू नका. पूर्ण ऐका, वेळ आणि जागा लिहून ठेवा, गिझर तपासून घ्या आणि तो कागद घेऊन दवाखान्यात या.